बाहेरच्या खोलीतली दुपार

ठमामावशी, तिची थोरली सून रंजना आणि त्यांच्या चुलीवरची ती काळी पडलेली कळशी, या तिघांनी मला सांभाळलं. आधी एवढं लिहून ठेवते. काय झालं होतं ते मागून सांगेन. ते सांगताना माझा हात अडखळतो, आणि मध्येच थांबले तर निदान नावं तरी कागदावर राहतील.

मी मुरबाडला एका खानावळीत भाकऱ्या थापते. आज सकाळी स्टँडवरून येताना किन्हवलीकडच्या गाडीतून चार बायका उतरल्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत जुन्या शर्टाच्या बाह्या चढवलेल्या होत्या आणि चौघीही मनगटं खाजवत होत्या. मी तिथेच उभी राहिले. कोणी सांगायला नको, भेंडीचा हंगाम लागला. इकडे हंगाम म्हटलं की लोकांना भात आठवतं, खळं आठवतं. मला भेंडी आठवते. भात घरात आल्यावर, नदीच्या कडेच्या शेतांत, थंडी असताना लावलेली, पळस फुलेपर्यंत तोडीला आलेली भेंडी. तिच्या देठाचा तो हिरवा, चिकट वास नाकात आला की माझं अंग आपोआप एका कुशीवर कलतं. इतकी वर्षं झाली, काही दुखत नाही, तरी कलतं.

भेंडी दिसायला गरीब. पण अंगावर बारीक लव असते, ती लागली की दिवसभर खाज. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड होती. पहाटे तोडलेली भेंडी नऊ-दहापर्यंत क्रेटमधून तिथे यायची आणि आम्ही दहा-बारा बायका गोणपाटावर बसून ती निवडायचो. वाकडी एका ढिगात, जून एका ढिगात, बोटाएवढी सरळ तेवढी खोक्यात. ती खोकी संध्याकाळी टेम्पोने जायची आणि तिथून म्हणे विमानाने. मंदा नावाची एक होती, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "विमानात बसाचा तं अंग सरळ पायजे गो. आपला काय नंबर लागत नाय." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. पण त्या वर्षी मला खरोखरच सरळ बसता येत नव्हतं.

आता सांगते.

मी जन्मले तेव्हा माझ्या बापाने गावात पेढे वाटले होते, मुलगा झाला म्हणून. परभणीच्या पलीकडचं आमचं गाव. सातवीपर्यंत शाळा झाली. आधी शाळा सुटली, मग गाव सुटलं. मी मुलगा नव्हते हे मला कळत होतं आणि गावाला कळू लागलं होतं, एवढंच कारण. पुढची वर्षं कशी गेली ते इथे नको. मी बाई म्हणून राहू लागले, बाई म्हणून कामाला जाऊ लागले आणि पुष्कळ वाट पाहून, एका वर्षी दिवाळीनंतर, मुंबईतल्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन करून माझा देह बाईचा करून दिला.

ऑपरेशन एका दिवसात होतं आणि ते डॉक्टर करतात. त्यानंतरचं आपण करायचं असतं, आणि ते रोज. दिवसातून तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्यात बसायचं, मग दाराला कडी लावून अर्धा तास आडवं पडायचं आणि डॉक्टरांनी दिलेला साचा आत ठेवायचा. नंतर सगळं धुऊन, पुसून, कोरडं करायचं. असं वर्षभर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, "शरीराला ठाऊक नसतं की हे तुम्ही मागून घेतलंय. त्याला ती जखम वाटते, आणि ते जखम भरायला बघतं. तुम्ही एक वेळ चुकवलीत की तेवढी जागा ते बुजवतं." पूर्ण बुजलं तर सगळंच वाया. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, इतक्या मायेने माझं वाटोळं करायला निघालेलं माझंच अंग.

आराम आणखी हवा होता, पण आदल्या वर्षापासून मी जात होते त्या शेडवरून दीड महिन्यातच निरोप आला. हंगाम लागलाय, येणार असशील तर ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घेतो. मी गेले.

राहायला मी सापगावात होते, एका घराच्या मागच्या खोलीत. एकट्या बाईला खोली मिळत नाही, म्हणून गळ्यात काळी पोत घातली होती आणि नवरा ट्रकवर असतो असं सांगून ठेवलं होतं. सकाळी एसटी धरायच्या आधी आणि संध्याकाळी परतल्यावर त्या खोलीत माझं माझं जमायचं. अडायची ती दुपार. शेडला संडास नव्हता. बायका डबा घेऊन दोघी-दोघी करवंदीच्या जाळीमागे जायच्या, आणि तिथे उभं राहायला आडोसा नव्हता तर आडवं कुठून पडणार? साचा मी पावडरच्या लांबट डब्यात ठेवला होता. पिशवीत तळाला तो डबा, त्यावर स्वच्छ फडकं, त्यावर भाकरी. आठवडाभर तो डबा जसा नेला तसा परत आणला.

मग ठणका लागला. अंग आतून आवळल्यासारखं होई. सातव्या का आठव्या दिवशी रक्त दिसलं.

किन्हवलीच्या बाजारात फोनचं एक बूथ होतं. दार काचेचं, पण ते लागायचं नाही, आणि बूथवाला शेजारीच स्टुलावर बसलेला. डॉक्टर फोनवर आले तेव्हा मी बूथवाल्याकडे पाठ केली. म्हटलं, "डॉक्टर, माझ्या बहिणीचं विचारायचं होतं. तुमच्याकडे ऑपरेशन झालंय तिचं. तिला दुपारचं जमत नाही. कामाला जाते ना ती."

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख विचारली, मी सांगितली. मग म्हणाले, "बहिणीला म्हणावं, घाबरू नको. थोडं रक्त येतं. पण दुपारचं चुकवायचं नाही. असंच चाललं तर तिला परत यावं लागेल, आणि तेव्हा माझ्या हातात फार काही नसेल. सांगाल ना तिला?"

"सांगते," म्हटलं.

फोन ठेवून बाहेर आले तर बूथवाला म्हणाला, "लांब असतं काय बहीण?"

"लांब आहे."

"जपा तिला," तो म्हणाला. त्याचं ते बोलणं मी शेडपर्यंत हातात धरल्यासारखं नेलं.

ठमामावशी शेडच्या मागेच राहायची. किती वर्षांची ते तिलाही ठाऊक नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात भेंडीवर आणि डोळे माणसांवर. न बघता निवडायची आणि तिची वाकडी कधी सरळात जायची नाही. तिने मला दोन-तीन दिवस पाहिलं आणि एकदा हळूच विचारलं, "सरळ का नाय बसत?"

"पायाला मुंग्या येतात."

"मुंग्या आल्या का बाई पाय हलवतं. तू बूड उचलतंस."

मी पुढची भेंडी उचलली. त्याच दुपारी उठताना माझ्या साडीला मागे डाग पडलेला तिने पाहिला. कोणाला दिसायच्या आत तिने खांद्यावरचा पंचा माझ्या कमरेला गुंडाळला आणि म्हणाली, "चल." शेडमागच्या पायवाटेवर आल्यावर थांबली. माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "पोर गेला काय गो?"

हंगामाच्या आधी दीड महिना मी गायब होते. गळ्यात पोत होती. कुशीवर बसत होते, जड उचलत नव्हते, रक्त जात होतं. तिच्या जागी दुसरी कोणीही बाई असती तरी हेच समजली असती. मी खरं बोलले असते तर शेड गेली असती, खोली गेली असती. आणि खोटं बोलायला जीभ वळली नाही. मी नुसती मान खाली घातली. बायकांत अशी मान खाली घातली की त्याचा अर्थ एकच होतो.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "नको बोलू."

तिच्या घराच्या मागच्या अंगाला, न्हाणीला लागून, एक बुटकी खोली होती. बायांनी महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची खोली. रंजना लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने सांगून टाकलं होतं, मी काय तिथं बसायची नाय. तेव्हापासून खोलीत गोवऱ्या आणि कांदे. मावशी एकेक गोवरी बाहेर काढायला लागली तशी रंजना दारात येऊन उभी राहिली.

"माज्याशी भांडून भांडून बंद केली," ती म्हणाली, "नि आता परक्या बाईसाठी उघडतेस."

"तुला कोंडाला व्हती," मावशी म्हणाली. "हिला लपाला हाय. धर तो कांद्याचा टोपला."

रंजनाने टोपला धरला. दुसऱ्या दिवशी गेले तर खोली सारवलेली होती आणि ती मावशीने सारवलेली नव्हती. रंजनाच्या नखांत शेण होतं. मी बघते आहे हे पाहून तिने हात पदराखाली घेतला.

त्या खोलीचा एक कायदा होता. आत बाई असली की दार कोणी ढकलायचं नाही, आत काय चाललंय ते विचारायचं नाही, पुरुषाने तर त्या अंगाने जायचंही नाही. बायांना दूर ठेवायला केलेला तो कायदा. कितीजणी तिथे अपमान गिळून बसल्या असतील. आणि तोच माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. मला आजही त्याचं वाईट वाटतं आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम, आणि त्यातलं एक निवडायला मला येत नाही.

दुपारची सुट्टी झाली की मी मागून जायची. न्हाणीत कळशीतलं ऊन पाणी घमेल्यात ओतलेलं असायचं. मी मीठ मागितलं होतं. मावशीने त्यात आपल्या मनाने कडुलिंबाचा पाला उकळून घातला होता. पाण्यातून उठून मी खोलीत जाई आणि कडी लावी. कौलांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि मी आडवी असेपर्यंत माझ्या पोटावरून सरकत भिंतीला लागायची. ती भिंतीवर चढली की अर्धा तास झाला असं मी ओळखायचे. आत कांद्याच्या सालीचा, सारवणाचा वास. बाहेर कोंबड्यांचं टोचणं. आणि दाराला पाठ लावून पायरीवर मावशी. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. तिचं खोकणं लाकडातून माझ्या डोक्याशी यायचं.

कोणीतरी विहिरीकडे जाताना विचारायचं, "कोन हाय गो आत?"

"बाई हाय," मावशी म्हणायची. तेवढ्यावर चौकशी संपायची.

मी आत पडल्या पडल्या ते दोन शब्द ऐकायचे. माझ्याबद्दल असं कोणी, भाजीचं नाव सांगावं इतक्या सहज, आधी कधी म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, "मावशी, तुमचे उपकार..." तर ती म्हणाली, "तुमी काय? तुमी तलाठ्याला म्हन. मावशीला तू म्हनतात." तेव्हापासून मी तिला तू म्हणू लागले.

पण मावशी पाण्यावर थांबणारी नव्हती. तिच्या लेखी मी कच्ची बाळंतीण. तिने निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून खोलीत धुरी केली. जुन्या लुगड्याच्या पट्टीने माझं पोट आवळून बांधलं. अळिवाची खीर दिली, वाटीत चमचा उभा राहील इतकी घट्ट. "सव्वा म्हयना अंगाला वारा लागू द्याचा नाय," म्हणायची. त्या धुरीचा वास माझ्या ओळखीचा होता. लहानपणी माझी मोठी बहीण बाळंतपणाला आली होती. अंधाऱ्या खोलीत माय तिला तेल लावायची, शेक द्यायची, आणि दाराच्या फटीतून हाच वास बाहेर यायचा. मी आत जायला बघितलं की माय म्हणायची, "पोरांनी नाही यायचं इथं. जा खेळायला." मी खेळायला जायची नाही. दाराशी बसून राहायची. वीस वर्षांनी मी त्या दाराच्या आत आले होते, आणि माझी माय त्यात नव्हती.

शेडमध्येही सगळ्यांना कळलंच. कोणी काही बोललं नाही. फक्त माझ्या वाटचे क्रेट दुसरीच कोणी उचलायला लागली, आणि मला खोक्यांना पट्टी चिकटवायचं बसून करायचं काम मिळालं. मंदा म्हणाली, "मावशे, मला बी दे एक खोली. माजा नवरा जिथं येनार नाय असी."

"तुजा नवरा येत नाय म्हनून तं तू रडतंस," मावशी म्हणाली, आणि शेड हसली. मंदाही हसली.

तो सगळा महिना असा माया खात गेला. आणि रोज दुपारी त्या पट्टीकडे बघत मी एकच विचार करायचे, ही माया ज्या बाईसाठी आहे ती मी नाही. तिचं मूल गेलंय. माझं काय गेलंय?

पळस फुलला होता तेव्हाची एक दुपार. मी आत, मावशी पायरीवर. ती अचानक बोलायला लागली, दाराला पाठ करून, जणू कोंबड्यांशी.

"मी बी पाच म्हयन्यांची व्हते. भाताची आवनी चालली व्हती. रोपाची जुडी उचलली नि पोटात कायतरी तुटला. बांधावरच झाला सगला. सासूनं लुगड्याचा तुकडा फाडला, त्यात गुंडाळली, पळसाखाली ठेवली. पोरगी व्हती. हाताएवढी." थोड्या वेळाने म्हणाली, "मी म्हनले, मी ह्या खोलीत बसतं. सासू म्हनली, हा काय बाहेर बसाचा टाइम हाय? रोप सुकतंय. दुसऱ्या दिशी परत चिखलात. मला कोनी बसू नाय दिली गो. म्हनून तुला बसवतंय."

सूप हलायचं थांबलं होतं. मी आत पडलेली. उन्हाची पट्टी भिंतीवर चढून कधीच वर गेली होती, तरी मला उठवेना. मग मी तसंच, बंद दाराच्या आतून, बोलले. तिचं तोंड दिसलं असतं तर बोलवलं नसतं.

"मावशी, माझं पोर नाही गेलं. मला पोर होणारच नव्हतं. मी जन्मले ती मुलगा म्हणून. ऑपरेशन करून घेतलंय, त्याची ही जखम आहे. मला नवराही नाही. तू दुसरं समजलीस आणि मी समजू दिलं."

खोकणं नाही. मग गुडघ्यांचा आवाज आला, बांगड्यांचा आला, आणि पावलं गेली. मी कडी काढली तेव्हा पायरीवर फक्त सूप होतं. अर्धे तांदूळ निवडलेले, अर्धे तसेच.

दुसऱ्या दिवशी ती शेडच्या पार त्या टोकाला बसली. माझ्याकडे बघितलं नाही. कोणाला काही सांगितलंही नाही. मी प्रत्येकीचं तोंड वाचत होते, कोणाच्याच तोंडावर काही नव्हतं. मंदाने विचारलं, "काय गो, मायलेकींचा भांडान झाला?" मी म्हटलं, नाही. दुपारी कोपऱ्यात बसून भाकरी खाल्ली. पावडरचा डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशीही तेच. अंग आतून आवळत चाललेलं कळत होतं. मी मनात गाठोडं बांधायला घेतलं होतं. कोणत्या गावाला जावं, तिथे काय नाव सांगावं.

चौथ्या दिवशी सुट्टी झाली आणि मी भाकरीचं फडकं सोडत होते. मावशी येऊन पुढ्यात उभी राहिली.

"पानी निवतंय," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

मी मागून गेले. न्हाणीच्या दाराशी ती थांबली. "अळीव भिजत घातले व्हते. फुगून टोपभर झालेत. ते काय कोंबड्यांना टाकू?" मी पिशवी खाली ठेवली. "किती दिस कराचा हाय हा सगला?"

"वर्षभर."

"नि चुकला तं?"

"बुजतं."

"दोन दिस चुकला."

"हो."

तिने घमेल्यात मीठ टाकलं. थोडं थांबून परत एक मूठ टाकली. "मंग बोलत काय बसलीस. जा आत."

त्या दिवशी फार दुखलं. मी पदर तोंडात धरला होता. दाराबाहेरून तिचा आवाज आला, "तुजी आये आलती, आप्रेशनला?"

"नाही."

"कळवला व्हता?"

"पत्र टाकलं होतं."

"मंग?"

"उत्तर नाही आलं."

तांदूळ सुपात सरकल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "ह्या बाया आता विचारतील. दीड म्हयना झाला, आजून कसा नाय सावरत, काय झालता. तेव्हा अडखळू नको. सांग, पोरगी व्हती. पाचवा म्हयना. पळसाखाली ठेवली."

"मावशी, ती तर तुझी..."

"माजीच हाय. माज्याजवळ ऱ्हाऊन तिला कोन विचारीत व्हता? तुज्या कामाला येऊ दे."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. यात माझा एक शब्द नाही.

बायांनी विचारलंच. आठवडाभरात, खोक्यांना पट्ट्या लावताना. मी सांगितलं, मुलगी होती. पाचवा महिना. पळसाखाली ठेवली. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. सगळ्यांचे हात थांबले. मंदासारखी मंदा डोळ्याला पदर लावून म्हणाली, "नाव ठेवला व्हतास काय गो मनात?" एक म्हणाली, आता चालायला लागली असती पुढच्या होळीला. एक म्हणाली, पोरगीच बापडी, आईला धरून राहिली असती. दहा-बारा बायका त्या पोरीसाठी हळहळत होत्या. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कोणी एवढंही केलं नव्हतं, आणि आता सगळ्या चुकीच्या बाईकडे बघून रडत होत्या. मी मावशीकडे पाहिलं. ती मान खाली घालून निवडत होती. हात चालू होता. आणि मी पाहिलं, तिने एक चांगली, सरळ, बोटाएवढी भेंडी वाकड्यांच्या ढिगात टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

मोहाची फुलं पडायला लागली, ऊन वाढलं, भेंडी जून निघू लागली. बोटाने मोडली तर मोडेना. शेड बंद झाली आणि पुढच्या वर्षी उघडलीच नाही, बायका दुसरीकडे निवडायला जाऊ लागल्या. तोपर्यंत डॉक्टरांनी माझी दुपारची वेळ कमी केली होती, सकाळ-संध्याकाळचं सुसह्य झालं होतं. बूथवरून फोन केला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बहीण बरी आहे?" म्हटलं, "बरी आहे, तिची मावशी सांभाळते तिला." मग मला मुरबाडला काम मिळालं आणि मी गेले. निघताना मावशी लेकीकडे वैशाखऱ्याला गेली होती. तिच्या पाया पडायचं राहिलं. मनाला म्हटलं, तासाभराचा रस्ता, येऊ कधीही.

त्यानंतरच्या हंगामात किन्हवलीच्या बाजारी गेले होते. मिरच्या घेत होते तर शेडमधली एक भेटली. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "काय गो, परत काय दिस गेले का नाय?" आणि मी बघितलं तर तिच्या मागे मावशी उभी. हातात पिशवी. मी मिरच्या पिशवीत भरायला लागले. मावशीच म्हणाली, "तिला नाय होयाचा आता. डाक्तरनं सांगितलाय. नको बोलू तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कवा आलीस?"

मी उत्तर दिलं नाही. सुटायला उभी असलेली एसटी समोर होती, तिच्यात जाऊन बसले. तेव्हा वाटलं, मी तोंड उघडलं तर रडेन, आणि रडले तर त्या गर्दीत सगळंच बाहेर पडेल. ती भीती खरी होती की नुसती माझी सवय होती, ते मला अजून सांगता येत नाही. खिडकीतून पाहिलं. मावशी शेजारच्या दुसऱ्याच गाडीच्या खिडक्यांत एकेक करून मला शोधत होती. मी हाक मारली नाही. गाडी सुटली.

आज स्टँडवर उतरलेल्या त्या चौघींत मंदा होती. तिनेच मला ओळखलं. म्हणाली, मावशीचे गुडघे गेले, आता निवडायला येत नाही. रंजना सगळं बघते तिचं. "पन एक खोड लागलीय बघ. दुपार झाली का भिंत धरत धरत मागं जाते नि त्या खोलीच्या पायरीवर बसते. आत कोन नाय, काय नाय. रंजी म्हनते, बसू दे."

मंदाला तेव्हा काही बोलले नाही. भाकऱ्या थापताना दिवसभर बोलत राहिले, मनात.

मावशी, तुझी मुलगी माझ्याजवळ राहिली आहे. तिच्या जिवावर मी ते वर्ष काढलं. ती तुला परत करायला मी येईन. बाजारात नाही, घरी येईन. कळशी मी चुलीवर ठेवीन, पाला मी उकळीन, मीठ मी टाकीन. तुला धरून त्या खोलीत नेईन आणि तू आतून कडी लाव. सव्वा महिना बस, नाहीतर एकच दुपार बस, पण तुझं तुझ्यासाठी बस, आणि तुझं जे रडायचं राहिलंय ते तिच्यासाठी रडून घे. रोप सुकतंय म्हणायला आता कोणी नाही. उन्हाची पट्टी कौलांपर्यंत चढली तरी मी हाक मारणार नाही. मी पायरीवर असेन, दाराला पाठ लावून, सूप मांडीवर घेऊन. विहिरीकडे जाताना कोणी विचारलं, कोन हाय गो आत, तर तुझ्यासारखंच, मान वर न करता सांगेन.

बाई हाय.